हायड्रोच्या ड्रमवर ओलं गोणपाट

गोडाऊनमध्ये पाऊल टाकलं आणि अंगाला गार वारा लागला. बाहेर मे महिन्यातली बुऱ्हाणपूरची दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर सुखावलं असतं. माझं मात्र तिथेच डोकं तापलं.

"कसं वाटून राहिलं, बेटा?" प्रभाकरकाकांनी विचारलं. "पूर्ण इच्छापूर रोडवर असं थंडं गोडाऊन दाखव मले एक तरी."

कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा डेझर्ट कूलर घरघरत होता. त्याच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. भिंतीला लागून लोखंडी ड्रम ओळीने उभे होते आणि प्रत्येक ड्रमवर ओलं गोणपाट पांघरलेलं होतं. वर केळीची हिरवी पानंसुद्धा.

"ही गोणपाटं ओली कोण करतं?"

"मी स्वतः. सकाळी आणि दुपारी. या कामात दुसऱ्यावर भरोसा नाही माझा."

एवढ्या मायेने केलेल्या कामाला नावं ठेवायची म्हणजे मोठं संकट असतं. माझ्या धंद्यात हे संकट आठवड्यातून एकदा तरी येतंच.

मी इंडस्ट्रियल सेफ्टीचं काम करते. आधी बरीच वर्षं एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. बुऱ्हाणपूरला परतल्यावर शनवारा भागातल्या घरातच एक टेबल टाकलं आणि कन्सल्टन्सी सुरू केली. लोक मला कारखान्यात बोलावतात, मी त्यांना दोष दाखवते, ते मला चहा पाजतात आणि दोष तसेच ठेवतात. काही जण सुधारतात, त्यांच्यावर माझं दुकान चालतं.

प्रभाकरकाका म्हणजे माझी धाकटी बहीण मेघा हिचे सासरे. मूळचे केळीवाले. मुलाच्या, म्हणजे मेघाचा नवरा नीलेश याच्या, हौसेखातर त्यांनी शेताच्या कडेलाच कापड रंगवायचा छोटा कारखाना टाकला होता. बाहेरगावचा एक मोठा खरेदीदार त्यांना काम द्यायला तयार होता. त्याची अट एकच, केमिकल नीट ठेवलेलं आहे असा सेफ्टी रिपोर्ट हवा. त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. नीलेशने मला फोन केला होता, "ताई, फॉर्मॅलिटी है बस. घरचंच काम आहे."

घरचं काम म्हटलं की मी सावध होते. त्यातून आम्ही मुलीकडचे. मुलीच्या सासऱ्यांना "तुमचं चुकलं" म्हणणं आमच्याकडे अजूनही सोपं नाही. हे सेफ्टीच्या कोणत्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

तर आधी ड्रममध्ये काय होतं ते सांगते. कापड रंगवणारे ज्याला नुसतं "हायड्रो" म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट. पांढरी, पिठीसाखरेसारखी पावडर. काही पक्के रंग पाण्यात विरघळत नाहीत. हायड्रो घातलं की विरघळतात आणि सुताच्या आत शिरतात. रंग बिघडला तर तो उतरवायलाही हेच लागतं. त्यामुळे रंगाईच्या कारखान्यात हायड्रो नाही असं होत नाही.

कोरडं असेपर्यंत हायड्रो गुणी असतं. पण थोडीशी ओल लागली की ते आतल्या आत तापू लागतं. तापलं की नासतं, नासलं की आणखी तापतं. मग काडेपेटीच्या जळक्या काडीसारखा वास येतो, गुदमरवणारा वायू सुटतो आणि शेवटी ते पेटतं. पेटल्यावर त्याला बाहेरच्या हवेची गरज लागत नाही. म्हणून वाळू टाकून, पोतं टाकून ही आग गुदमरत नाही. जवळ उभा असलेला माणूस मात्र गुदमरतो.

"काका, ड्रमवर काय लिहिलंय ते वाचलंत का?" मी विचारलं.

"वाचलं ना. इंग्लिश येतं मले. थंड आणि कोरड्या जागेत ठेवा."

"मग?"

"मग केलं ना थंड!"

"आणि कोरडं?"

"फरशी पाह्य ना तू. थेंब नाही सांडलेला. पाणी वरून टाकतो आम्ही, खाली नाही."

काका अडाणी नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. आमच्या तापीकाठी गारवा पाण्यातूनच येतो. माठ झिरपतो म्हणून गार, खसचा पडदा भिजवला म्हणून गार, संध्याकाळी अंगणात पाणी मारलं म्हणून गार. केळीचे घड कापले की सावलीत ठेवून वर पानं आणि भिजलेलं गोणपाट टाकायचं, हे काका लहानपणापासून करत आले होते. माल उन्हात तापू नये म्हणून जे केळीला केलं, तेच त्यांनी हायड्रोला केलं. बुऱ्हाणपूरच्या बाहेर ही चूक कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

हायड्रोच्या ओळीला लागूनच पेरॉक्साइडचे कॅन होते. कापड पांढरं करायला वापरतात ते. हायड्रो आणि पेरॉक्साइड एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाचे. एकत्र आले तर भांडण थेट आगीपर्यंत जातं. म्हणून त्यांना वेगळ्या खोल्या, निदान मधे पक्की भिंत हवी. इथे मधे एक झाडू उभा होता.

पण मला खरी धास्ती बसली ती पलीकडची खोली पाहून. गोडाऊनच्या आत आणखी एक दार होतं. त्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. आत डोकावले तर रंगून वाळलेल्या कापडाच्या घड्या घालणाऱ्या बायका मांडी घालून बसलेल्या. थान, म्हणजे कापडाचा तागा, उलगडायचं, डाग बघायचे, घडी घालायची, असं त्यांचं काम. मी चारही भिंती पाहिल्या. एक उंच जाळीची खिडकी. दुसरं दार नाही.

"या बायका बाहेर कुठून जातात?"

"इथूनच," काका म्हणाले. "मागे केळीचं शेत आहे ना. साप-किरडू आत येतं, म्हणून तिकडे दारच नाही ठेवलं."

म्हणजे हायड्रो पेटलं तर या सगळ्यांना पेटलेल्या ड्रमसमोरून बाहेर पडावं लागणार होतं. वायू सुटलेल्या गोडाऊनमधून कोणी धावत जाऊ शकत नाही. दोन श्वासांत खोकला येतो, डोळे मिटतात आणि माणूस भिंत चाचपत बसतो. मी हे एकदा जवळून पाहिलेलं आहे, त्यामुळे या बाबतीत माझ्याशी वाद घालू नये.

मी बाहेर येऊन कूलरचं बटण बंद केलं. आतून लगेच आवाज आला, "कोणं बंद केला वं कूलर?"

सिंधूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. घडीवाल्या बायकांमध्ये त्या सगळ्यात जुन्या. "ताई, असं नका करू. भट्टी होते आत. काकांनी आमच्यासाठी लावला कूलर."

हेही खरंच होतं. कूलर लावताना काकांनी दोघांचा विचार केला होता, मालाचा आणि बायकांचा. मी त्यांना म्हटलं, "सिंधूबाई, कूलर तुमच्या खोलीत लावा, माझी काही हरकत नाही. या ड्रमजवळ नको."

"तिथं कुठं जागा आहे?"

"मग जागा करावी लागेल."

एव्हाना नीलेश ऑफिसमधून आला होता. हातात मोबाइल, कपाळावर घाम. मी त्याला सरळ सांगितलं की रिपोर्टवर मी सही करणार नाही. हायड्रो कोरड्या जागी हलवा, पेरॉक्साइड दुसऱ्या शेडमध्ये न्या, घडीच्या खोलीला मागून दार काढा. मग बोलवा.

"ताई, दार काढायला टाइम लागेल. पार्टी कल आ रही है," नीलेश म्हणाला. "सध्या सही करून टाका, काम मी नंतर करून घेतो. प्रॉमिस."

"माझी सही म्हणजे आज हे असं आहे असं सांगणं. उद्या असेल, असं नाही."

"अहो, इतकी वर्षं काही झालं नाही."

"कूलर कधी लावलात?"

तो काकांकडे बघून म्हणाला, "याच उन्हाळ्यात."

आता काकांचा आवाज चढला. "बेटा, तू आमच्या घरची आहेस म्हणून ऐकून राहिलो. बाहेरचा माणूस असता तर चहा पाजून वाटेला लावला असता. आम्ही माल सांभाळणं काय तुझ्यापासून शिकायचं?"

"केळीचं मी तुमच्याकडून शिकेन, काका. हायड्रोचं तुम्ही माझ्याकडून शिका."

बोलून गेले. जीभ माझी पहिल्यापासून अशीच आहे, आईने पुष्कळ समजावून पाहिलं. काकांनी तोंड फिरवलं. पाचेक मिनिटं झाली असतील नसतील, मेघाचा फोन आला. नीलेशने कळवलं असणार.

"ताई, तू काय बोललीस बाबांना?"

"जे आहे ते."

"इथे सगळे माझ्याकडे बघतायत. सासूबाई म्हणतात, तुझ्या बहिणीला आपलं चांगलं बघवत नाही. एक सही तर करायची आहे ना गं? ऑर्डर गेली तर मला किती ऐकावं लागेल, माहितीये तुला?"

मला माहीत होतं. मेघाला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझा जीव अजूनही कासावीस होतो. क्षणभर असं वाटलं, करावी सही, आणि नीलेशच्या मागे लागून आठवड्यात काम करून घ्यावं. पण तेवढ्यात आतून सिंधूबाईंचं हसणं ऐकू आलं. मी म्हटलं, "मेघू, त्या खोलीत तू बसली असतीस तर मी सही केली असती का, सांग." तिने फोन ठेवला.

मी रडायच्या बेतात होते, म्हणून मी कामाला लागले. माझा तो जुना उपाय आहे. निदान जाताना ड्रम तरी कोरडे करून जावे, म्हणून मी गोणपाटं ओढून काढायला सुरुवात केली. गोडाऊन सांभाळणारा कैलास मदतीला आला. काका दारात हाताची घडी घालून उभे होते. एकेक ड्रम मी हाताने चाचपत होते. गार. गार. गार. मग वापरात असलेल्या ड्रमवरचं गोणपाट काढलं. या ड्रमच्या झाकणाची कडी नीट बसलेली नव्हती. रोज उघडायचा म्हणून नुसतीच टेकवलेली. मी ड्रमच्या अंगाला हात लावला आणि लगेच उचलला.

एवढ्या गार खोलीत तो एकच ड्रम तापलेला होता. चहाचा भरलेला स्टीलचा ग्लास धरावा, तेवढा गरम. झाकणाजवळ नाक नेलं नाही, तरी काडेपेटीचा वास आला.

"सगळ्यांना बाहेर काढा," मी म्हणाले. "आत्ता."

कैलासचं डोकं त्याच्या परीने चाललं. ड्रम गरम आहे म्हटल्यावर त्याने कूलरजवळची बादली उचलली आणि ड्रमवर ओतायला धावला. मी एवढ्या जोरात ओरडले की माझा घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला होता. "पाणी नको! एक थेंब नको!" बादली त्याच्या हातात तशीच राहिली. नीलेशला मी सांगितलं की फायर ब्रिगेडला फोन लावा आणि हायड्रो आहे हे नाव घेऊन सांगा, नुसतं "आग" म्हणू नका.

घडीच्या खोलीत कुणाला काही खरं वाटेना. धूर नाही, जाळ नाही, आणि ही बाई बाहेर चला म्हणते.

"एवढं थान झालं की येतो," सिंधूबाई म्हणाल्या.

"थान राहू दे. उठा."

"अहो, पण अर्धी घडी..."

मी त्यांच्या हातातलं कापड ओढलं आणि दंडाला धरून उभं केलं. वयाने माझ्याहून मोठ्या बाईला असं धरायला मला आवडलं नाही, पण धरलं. बाकीच्या त्यांच्यामागे निघाल्या. पदर नाकाला लावून, भिंतीच्या बाजूने, एकामागून एक. एकजण डबा राहिला म्हणून वळली, तिला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

बायका रस्त्यापलीकडच्या निंबाखाली पोचल्या. आता ड्रम. अशा वेळी पुस्तकातलं उत्तर असतं, लांब व्हा आणि फायर ब्रिगेडची वाट बघा. धूर सुटला असता तर मीही तेच केलं असतं, तुम्हीही तेच करा. पण धूर अजून नव्हता, आणि ड्रमच्या शेजारी पेरॉक्साइडचे कॅन होते. ड्रम आत पेटला असता तर नुसता ड्रम पेटला नसता. तो बाहेर काढायला थोडा वेळ होता, आणि तो वेळ संपत होता.

माझ्या बॅगेत गॅस मास्क असतात. वायू गाळणारे डबे लावलेले, नाक-तोंड-डोळे झाकणारे. एक माझ्यासाठी आणि एक ज्याला दाखवायला लागेल त्याच्यासाठी. कैलासने हात पुढे केला, तेवढ्यात काकांनी मास्क काढून घेतला.

"तुम्ही नाही, काका."

"त्याचं काय चुकलं? गोणपाट मी टाकलं. मीच ढकलीन." मग पट्टा लावता येईना, म्हणून माझ्यासमोर डोकं वाकवून उभे राहिले. "लाव लवकर. भाषण मंग देजो."

मी पट्टे आवळले. ड्रम उचलायची दोन चाकांची गाडी होती, तिच्यावर ड्रम तिरपा करून घेतला. काकांनी आयुष्यभर केळीचे घड वाहिलेले, त्यामुळे झटका न देता वजन कसं हलवायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी पुढे वाट मोकळी करत होते. उंबरठ्यावर चाक अडलं. काकांनी खांदा लावला आणि गाडी अंगणात आली. वारा कारखान्याकडून शेताकडे होता, म्हणून मी शेताच्या बांधाकडे बोट दाखवलं. तिथे ड्रम टेकवून आम्ही मागे वळलो आणि चालत, धावत नाही, वाऱ्याच्या बाजूला आलो.

झाकणाच्या फटीतून पांढरा धूर निघाला. मग पिवळट झाला. मग झाकण एका बाजूने उचललं गेलं आणि आतून जाळ आला.

नीलेश वाळूची बादली घेऊन आला, त्याला मी थांबवलं. "शेताची मोटर चालू करा. पाइप इकडे ओढा. पाणी सोडा, जेवढं असेल तेवढं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, अभी तो आप बोले, एक थेंब नको!"

"थेंब नको. नदी पाहिजे."

हे मी बायकांना नंतर समजावलं तसंच इथेही सांगते. हायड्रोला थोडं पाणी मिळालं तर ते त्याचं खाणं होतं, ते आणखी तापतं. पण पाण्याचा लोंढा आला तर सगळी उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते आणि पावडरही विरघळून जाते. बादलीने आग वाढते आणि मोटरने विझते. मधलं काही चालत नाही. म्हणून पहिल्यांदा आत असताना पाणी नको होतं, आणि आता बाहेर, आमच्या हातात मोठा पाइप असताना, पाणीच हवं होतं.

शेताची लाईट त्या वेळी चालू होती. शेतीची लाईट कधी येते-जाते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे याला मी सेफ्टी प्लॅन म्हणत नाही. याला नशीब म्हणतात, आणि नशिबाच्या भरवशावर मी कुणाला रिपोर्ट देत नाही. कैलासने मोटर सुरू केली. मनगटाहून जाड पाइप फुगला, त्याने आणि नीलेशने मिळून धरला आणि लांबूनच धार ड्रमवर सोडली. फसफस आवाज झाला, वाफेचा ढग उठला, वास असा की मास्क असूनही माझे डोळे चुरचुरले. ड्रम कलंडला. पांढरं पाणी बांधावरून केळीत वाहत गेलं. जाळ गेला तरी मी पाइप बंद करू दिला नाही. फायर ब्रिगेडची गाडी आली तेव्हाही पाणी चालूच होतं. त्यांनी आणखी मारलं आणि मग आत जाऊन बाकीचे ड्रम तपासले.

सगळं निवल्यावर मी निंबाखाली बायकांपाशी जाऊन बसले. सिंधूबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्या कारखान्याकडे बघत होत्या. गोडाऊनचं दार उघडं होतं आणि त्यातून आतलं त्यांच्या खोलीचं दार दिसत होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "आमी आतमधी असतो तं?"

मी निंबाखालच्या बायका एकेक करून मोजल्या. आधी भ्यायला वेळच मिळाला नव्हता.

नीलेश जरा वेळाने आला. चेहरा उतरलेला, पण व्यापारीच तो. "ताई, अब तो सब निपट गया. तो ड्रमच राहिला नाही. मग उद्याच्या रिपोर्टचं..."

"नीलेशराव, तुम्ही मला हे खरंच विचारताय?"

"अरे, चूप बस!" काका मागून म्हणाले. मास्क अजून त्यांच्या गळ्यात लोंबत होता. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "पहिले काय करायचं? सांग."

"दार."

"आणि मंग?"

"आधी दार, काका. बाकीचं दाराच्या बाहेर उभं राहून बोलू."

त्याच संध्याकाळी काकांनी घडीच्या खोलीची मागची भिंत फोडायला घेतली. पहिली पहार त्यांनी स्वतः मारली.

दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा माणूस आला. मी त्याला झालं ते सगळं सांगितलं, कारण तो विचारत होता आणि बांधावर काळा पडलेला ड्रम दिसत होता. त्याने ऐकून घेतलं, चहा घेतला आणि काम दुसरीकडे दिलं. तो हंगाम नीलेशच्या हातून गेला. बांधालगतच्या केळीची बरीच झाडंही पिवळी पडली. काकांनी ती स्वतः कापली, मला एका शब्दाने बोलले नाहीत.

बोलली मेघा. "तुझं खरं झालं, ऑर्डर मात्र आमची गेली," म्हणाली. राखीपौर्णिमेला माहेरी आली तेव्हा माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला फार लागलं. बहिणीने तरी समजून घ्यावं असं वाटत होतं. पण ती त्या घरात राहते, मी नाही, हेही कळत होतं. आता ती बोलते. पूर्वीसारखं की नाही, हे मी विचारत नाही.

हळूहळू बाकीची कामं झाली. हायड्रोसाठी वेगळी खोली बांधली, लाकडी फळ्यांवर ड्रम, वर एक्झॉस्ट फॅन, पाण्याचा नळही जवळ नाही. उघडलेला ड्रम लगेच बंद करायचा, आणि हायड्रो काढायचं माप कोरडं, तिथेच टांगलेलं. पेरॉक्साइड दुसऱ्या शेडमध्ये गेलं. कूलर बायकांच्या खोलीत बसला. मी येऊन पुन्हा सगळं पाहिलं आणि या वेळी सही करायला ऑफिसमध्ये बसले.

काका समोर बसून कुरकुरत होते. "तुझं ऐकलं अन् फसलो, बेटा. मागून दार काढलं तं बायका सारख्या बाहेर. कुणी चहाले, कुणी फोनले, कुणी नुसती हवा खायले. जवा पाहावं तवा खोली रिकामी."

"सगळ्या निघून जातात?"

"सगळ्या! इकडे पाहतो तं एक नाही."

"किती वेळात रिकामी होते खोली?"

काकांनी चुटकी वाजवली. "अशी."

मी सही केली.